आत्यांचा सरदार आणि माझे सात

नवं जनावर दारात आलं की आत्या त्याच्याकडे पाठ करून बसत. हातात काहीतरी काम असायचंच, घेवडा मोडणं नाहीतर लसूण सोलणं. हाक नाही, चुचकारणं नाही, हात लावणं तर नाहीच. त्या आपल्या कामात, आणि मागे दोन हातांवर ते जनावर. तेवढ्या वेळात ते काय करतं यावरून आत्या त्याचा स्वभाव ठरवत. बैल दावं ताणतो की पुढे येऊन पदर हुंगतो, गाय पाय आपटते की उसासा टाकून बसते, हे कळायला डोळे लागत नाहीत असं त्यांचं म्हणणं. "डोळ्याला डोळा दिला की समदी सोंग करत्यात, गुरुजी," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "पाठ दिली की खरं काय त्ये कळतं."

माणसांनाही थोडीफार हीच रीत लागू होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली होऊन त्या गावात गेलो आणि आत्यांकडे खोली मागायला उभा राहिलो, तेव्हा त्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून गोधडीला टाके घालत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. मी शिक्षक आहे, बायको आहे, लहान मुलगा आहे, आम्ही शाकाहारी आहोत, असं सगळं मी त्यांच्या पाठीला सांगितलं. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, की आईला शेवटचं पत्र कधी टाकलं. मी खरं ते सांगितलं, चारेक महिने झाले असतील. "मंग आधी पत्र टाका आन मंग सामान आना," त्या म्हणाल्या. मला खोली मिळाली ती अशी. पुढे त्यांच्या समोरचाच तुकडा घेऊन मी घर बांधलं, पण त्यांच्या लेखी मी शेवटपर्यंत भाडेकरूच राहिलो.

गावाचं नाव मी लिहीत नाही. चाकणच्या एमआयडीसीला लागून आहे एवढं पुरे. आत्या त्या गावच्या लेक. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि भावाने त्यांना माघारी आणलं, म्हणून साऱ्या गावाच्या त्या आत्या. पुढे भाऊ आणि भावजय दोघंही गेले, आणि त्यांचा मुलगा सागर याला आत्यांनी वाढवलं. जमिनीचा मोठा भाग कंपन्यांत गेला. उरलेल्या जागेत आत्यांनी कामगारांसाठी खोल्यांच्या दोन रांगा बांधल्या, त्यांच्या टोकाला स्वतःचं घर आणि घरामागे गोठा. रस्त्याने ट्रेलर जायचे तेव्हा घराची तावदानं थरथरत, आणि त्या थरथरत्या घरात आत्या जात्यावर हरभऱ्याची डाळ भरडत बसलेल्या असत.

त्या फार गोड होत्या असं कुणी समजू नये. चहा त्या नेहमी अर्धा कप द्यायच्या आणि तोही गार. पाण्याची मोटर किती वेळ चालू ठेवायची यावरून भाडेकरूंचा उद्धार करायच्या. लिंबाची एक फांदी तोडली म्हणून शेजारणीशी त्या इतकी वर्षं बोलल्या नाहीत की शेवटी ती शेजारीण आणि ते झाड दोन्ही गेली, तरी अबोला राहिला. पण ऐकीव गोष्टीवर त्यांनी कुणाबद्दल मत केल्याचं मी पाहिलं नाही. रफिक नावाचा गॅरेजवाला खोली शोधत गावभर फिरला आणि कुणी त्याला उभं केलं नाही. आत्यांनी चौदा नंबरची खोली दिली. तेव्हा चार जाणती माणसं त्यांना समजवायला आली. ही लोकं कशी असतात, असं सुरू झालं तेव्हा आत्यांनी त्यांना मध्येच थांबवलं. "ही लोकं नगं. ह्यो येकटा कसा हाय, त्ये कुनाला म्हाईत असंल तर सांगा." कुणालाच काही माहीत नव्हतं. रफिकच्या पोरी त्या खोलीतूनच शाळेत गेल्या. माझ्याच वर्गात होत्या.

सागरही माझ्याच वर्गातला. अभ्यासात बेताचा, पण मनाने वाईट नव्हता. मोठा झाल्यावर त्याने कंपन्यांना कामगार पुरवायचं कंत्राट धरलं आणि बैलगाडा सुरू केला. शर्यतीच्या घाटात, म्हणजे बैल पळवायच्या चढाच्या पट्टीवर, त्याच्या बैलांचं नाव होतं. मग शर्यतींवर बंदी आली. बैल विकले गेले, गोठा रिकामा झाला आणि त्याच्यासारख्या पोरांना चारचौघांत मिरवायला काही उरलं नाही. तेव्हा आमच्या भागात कुत्र्यांचं वेड आलं. गाडीच्या खिडकीतून तोंड काढून बसलेलं एखादं दांडगं कुत्रं, गळ्यात जाड पट्टा, आणि मागे गॉगल लावलेला मालक. सागरने पिटबुल आणला.

तो आला त्या दुपारी मी तिथेच होतो. दहा-अकरा महिन्यांचं, तांबूस अंगाचं, छातीवर पांढरा पट्टा असलेलं कुत्रं. कान मुळापासून कापलेले. डोकं विटेसारखं. सागरची मित्रमंडळी लांबूनच मोबाइलवर त्याचे फोटो काढत होती. आत्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं, गोठ्यात त्याला खुंट्याला बांधायला लावलं आणि लसणाची परडी घेऊन त्याच्याकडे पाठ करून बसल्या. मी एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून दाराशी उभा होतो. कुत्रं पहिल्यांदा भिंतीला चिकटलं. मग पोटावर सरपटत पुढे आलं आणि त्याने आत्यांच्या पदराचं टोक तोंडात धरलं. ओढलं नाही, चावलं नाही, नुसतं धरून राहिलं. आत्या लसूण सोलत राहिल्या. उठताना म्हणाल्या, "येडं हाय. लई भ्यालंय."

नाव सागरने ठेवलं, सरदार. हा सरदार कुकरच्या शिटीला भ्यायचा. पहिली शिटी झाली की गोठ्यात जाऊन म्हाताऱ्या गाईच्या पोटाशी लपायचा, आणि तिसरी झाल्यावर परत यायचा. कंपनीच्या भोंग्याला, फटाक्याला, इतकंच काय पण उघडलेल्या छत्रीलाही भ्यायचा. रफिकच्या धाकट्या पोरीने त्याच्या पाठीवर डोकं टेकून पाढे म्हटलेले मी ऐकले आहेत. सातच्या पाढ्याला अडखळली की ती त्याच्यावरच चिडायची.

पण आत्यांनी त्याला मोकळं कधी सोडलं नाही, हेही लिहायला हवं. एकदा फाटकातून एक गावठी कुत्रं आत आलं आणि सरदारने त्याची मान धरली. किती पाणी ओतलं, किती ओरडलो, तरी तो सोडेना. शेवटी आत्यांनी त्याच्या पट्ट्यात काठी घालून पिळा दिला तेव्हा जबडा उघडला. ते कुत्रं संध्याकाळी मेलं. आत्यांनी ते कुणापासून लपवलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुतळी घेतली आणि मळणीच्या बैलाला घालतात तसं मुसकं सरदारच्या तोंडाच्या मापाने विणलं. बाहेर नेताना मुसकं आणि आखूड दोरी, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. मी विचारलं, तुमचा भरवसा उडाला का. त्या म्हणाल्या, "कुत्र्याम्होरं ह्याचा भरवसा न्हाई, त्ये म्या डोळ्यानं बघितलं. मान्साम्होरं हाय, त्ये बी डोळ्यानंच बघितलंय. दाताला जोर हाय ह्याच्या. पन जोर असनं आन राग असनं, ह्ये येक न्हवं, गुरुजी."

मी कुत्र्यांचा जाणकार नाही. अशी कुत्री लोकवस्तीत पाळावीत की नाही, यावर आता आम्ही राहतो त्या चिंचवडच्या सोसायटीत रोज कुणी ना कुणी लिहीत असतं. मी त्यात पडत नाही. या एका कुत्र्याबद्दल मात्र मला माहीत आहे, आणि ते मी योग्य वेळी सांगितलं नाही.

आता माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल. निवृत्त झाल्यावर गावात मला एक नवी प्रतिष्ठा मिळाली. कुणाचा वाढदिवस, निवड, साखरपुडा, श्रद्धांजली, जे काही फ्लेक्सवर यायचं त्याचा मजकूर मी लिहायचो. तरुणपणी कविता करायचो, त्या कुठे छापून आल्या नाहीत. इथे माझी ओळ दहा फूट उंच होऊन चौकात लागायची आणि चहाच्या टपरीवर लोक ती पाठ म्हणायचे. पोरं म्हणायची, गुरुजींसारखा यमक कुणी जुळवत नाही राव. मला ते आवडायचं. इतकं आवडायचं, की ज्याचा फ्लेक्स आहे तो माणूस कसा आहे हे मी विचारेनासा झालो. कसं जुळतं तेवढं बघायचो.

सरदारचा दुसरा वाढदिवस आला तेव्हा सागर माझ्याकडे आला. सरदारचा फोटो काढून झाला होता, जीभ बाहेर, दात दिसतायत असा. खरं तर तो उन्हाने धापा टाकत होता. सागर म्हणाला, "गुरुजी, जरा कडक होऊ द्या." एवढंच. मी म्हटलं, उद्या देतो. ओळ पाच मिनिटांतच सुचली:

समोर येऊ नका, मध्ये घालू नका हात,
मोजून घ्या मंडळी, आजवर फाडलेत सात.

सात का, तर हाताला सात जुळतो. आधी पाच लिहिलं होतं, ते बसलं नाही. यापलीकडे त्या आकड्यामागे काहीही नव्हतं. सरदारने तोवर एकाही माणसाला ओरखडा काढला नव्हता, हे सागरला माहीत होतं आणि मलाही. सागर वाचून खूश झाला. चौकात फ्लेक्स लागला आणि लोकांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले.

आत्यांना वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुधाची किटली घेऊन जाताना त्या फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या आणि मी समोरून येतोय असं बघून थांबल्या. पोराने तुमच्याकडूनच लिहून घेतलंय म्हणे, काय लिहिलंय ते वाचा, म्हणाल्या. मी वर पाहिलं. त्या दोन ओळींची अक्षरं हातभर उंच होती. मला ती आत्यांना वाचून दाखवता आली नाहीत. मी बोट फिरवत म्हणालो, "घराची राखण करणारा, आपला इमानी सरदार, याला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." त्या फार समाधानाने फ्लेक्सकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, बरं केलंत, लोक उगाच भितात त्याला. मग घरी नेऊन त्यांनी मला चहा दिला. पूर्ण कप, गरम.

फ्लेक्स महिनाभर राहिला, मग वाऱ्याने फाटला आणि कुणीतरी तो कांद्याच्या ढिगावर झाकायला नेला. मोबाइलमधले फोटो मात्र राहिले. पुढल्या वर्षी कुठल्या तरी दूरच्या शहरातला एक व्हिडिओ गावातल्या प्रत्येक मोबाइलवर आला. लिफ्टच्या बाहेर तसल्याच कुत्र्याने एका बाईला धरलं होतं. बघवत नव्हता. दोन दिवसांत कुणीतरी त्याच्याखाली आमच्या चौकातल्या फ्लेक्सचा फोटो टाकला आणि लिहिलं, आपल्या गावातल्या सातांचं काय.

इथून पुढे जे झालं ते मी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं. लोक ते सात जण शोधू लागले, आणि ते सापडू लागले. दूधवाला म्हणाला, माझी पँट फाटली होती ती त्यानेच फाडली. तारेत अडकून फाटलेली मी स्वतः पाहिली होती. एका भाडेकरूने सांगितलं, मला धरलं होतं, पण आत्यांच्या भीतीने बोललो नाही. कुणी म्हणालं, आमच्या पाहुण्याला. मग माझा जुना विद्यार्थी दत्ता पुढे आला आणि त्याने पोटरीवरचा व्रण दाखवला. तो व्रण शर्यतीच्या घाटात गाड्याचं चाक लागून झालेला होता. दत्ता तेव्हा सातवीत होता, आणि त्या जखमेवर टिंक्चर मीच लावलं होतं. दत्ता खोटं बोलत होता असं मला अजूनही म्हणवत नाही. त्याच्या चेहऱ्यावर खरी भीती होती. सात जागा मी रिकाम्या ठेवल्या होत्या, लोक येऊन त्यात बसत होते.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात बैठक झाली. निवडणूक तोंडावर होती आणि सागर उभा राहणार होता. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं, की कुत्रं आपण आणलं खरं, पण सांभाळतात आत्या, त्यांचाच जीव त्याच्यावर. माणसं आत्यांकडे वळली. आत्या भिंतीशी खाली बसल्या होत्या. रफिक उठून म्हणाला, "माझ्या पोरी रोज त्याच्याजवळ असतात, त्यांना कधी काही केलं नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "रफिकभाई, तुम्ही बसा. हा गावचा विषय आहे." तो बसला.

आत्यांनी विचारलं, की सात सात म्हणताय ते आलं कुठून. तेव्हा एका पोराने मोबाइल धरला आणि फ्लेक्सवरच्या दोन्ही ओळी वाचल्या. मोठ्याने, जत्रेत वाचावं तसं. काही लोक सवयीने हसले. आत्या हसणाऱ्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर माझ्यावर आली. मी तिसऱ्या रांगेत होतो.

"तुमी मला ह्ये वाचून दाखवलं न्हवतं, गुरुजी," त्या म्हणाल्या.

मी उभा राहिलो. त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं, की हा आकडा माझा आहे, यमकासाठी घातलाय. लोक हसले असते. माझ्यावर हसले असते, आणि सगळे मोकळे होऊन घरी गेले असते. मी सागरकडे पाहिलं, तो जमिनीकडे पाहत होता. मी म्हणालो, "मला सांगितलं तसं मी लिहिलं."

"कुनी सांगितलं?"

"घरातून," मी म्हणालो.

सागरने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. त्यालाही बोलता आलं असतं. पण पिटबुल घाबरट आहे आणि फ्लेक्स खोटा आहे, हे त्याला निवडणुकीआधी सगळ्यांसमोर म्हणवलं नाही. आत्यांच्या घरातूनच कबुली आली आहे असं त्या क्षणी ठरून गेलं. कुत्रं दोन दिवसांत गावाबाहेर काढायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. आत्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चपला शोधत बाहेर गेल्या.

सागरने त्याला भोसरीच्या एका भंगाराच्या गोदामावर राखणीला द्यायचं ठरवलं. टेम्पो आला तेव्हा मी माझ्या खिडकीत होतो, बाहेर आलो नाही. आत्यांनी स्वतः सरदारला मुसकं घातलं आणि टेम्पोत चढवलं. त्या ड्रायव्हरला बराच वेळ सांगत होत्या. दुसऱ्या कुत्र्याजवळ नेऊ नका, आधी पाणी द्या मग खाणं द्या, आवाजाला भितो, अंगावर ओरडू नका. ड्रायव्हर मोबाइल बघत हो हो म्हणत होता. टेम्पो वळला तरी त्या हात पुढे करून सांगतच होत्या.

गोदामावर त्याला हातभर साखळीने लोखंडाच्या ढिगाला बांधलं. राखणीचं कुत्रं तिखट व्हायला हवं म्हणून लांबून काठीने डिवचायचे, अर्धपोटी ठेवायचे आणि खाणं त्याच्यापुढे फेकायचे. हे आम्हाला नंतर कळलं. दिवसभर तिथे पत्रे आपटायचे, आणि लपायला जागा नव्हती. दोन-अडीच महिन्यांनी साखळी त्याच्या पायात गुंतली. परभणीकडचा एक वॉचमन ती सोडवायला वाकला, आणि सरदारने त्याचा उजवा हात धरला. सोडवायचं कसं ते तिथे कुणाला माहीत नव्हतं. लोखंडी सळयांनी मारत राहिले. आधी सरदार मेला, मग जबडा सुटला.

बातमी गावात आली तेव्हा टपरीवर एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. "गुरुजी, मानलं तुम्हाला. तुम्ही आधीच लिहिलं होतं." तो मनापासून कौतुक करत होता.

त्या आठवड्यात आत्या सकाळीच माझ्या दारात आल्या. बैठकीनंतर त्या माझ्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, भोसरीला जायचंय, मला बसची पाटी वाचता येत नाही, चला. मला नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी पिशवीत शहाळी घेतली होती आणि इस्त्रीचं लुगडं नेसल्या होत्या. दवाखान्यात तो वॉचमन कॉटवर बसून होता, हात खांद्यापर्यंत बांधलेला. चाळिशीचा असेल, पण म्हातारा दिसत होता. आत्या त्याच्या पायाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्ये कुत्रं माझं व्हतं. म्या त्याला तिथं जाऊ द्यायचं न्हवतं. चूक माझी हाय."

तो ओशाळला. कुणी बाई अशी येऊन माफी मागेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने फक्त विचारलं, असलं कुत्रं पाळता कशाला, मावशी. मी शेजारीच होतो. आत्यांनी माझ्याकडे बोटही केलं नाही. त्यांनी शहाळी ठेवली, त्याच्या बायकोला विचारलं हात हलतो का, आणि आम्ही निघालो.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. आम्हाला मागे जागा मिळाली. मोशी मागे पडल्यावर, खिडकीबाहेर बघतच, त्या बोलल्या. "गुरुजी, त्ये सात खोटं व्हतं. ह्यो येक खरा हाय. ह्यो कसा झाला, त्ये लिवा कुठंतरी. तुमाला लिवता येतं, मला न्हाई येत."

मी म्हणालो, लिहितो. त्या पुन्हा कधी विचारायला आल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या की विचारपूस करायच्या, गुडघे कसे आहेत, सुनेचं काय चाललंय. एवढ्या तेवढ्यावरून अबोला धरणाऱ्या आत्या माझ्याशी बोलत राहिल्या, हे मला अबोल्याहून जड गेलं. मी फ्लेक्स लिहायचं सोडलं. कुणी विचारलं तर डोळ्यांचं कारण सांगायचो. नंतर बायको गेली आणि मी चिंचवडला मुलाकडे आलो. शर्यती परत सुरू झाल्या, गोठ्यात नवे बैल आले. सागर निवडून आला. आत्यांनी दुसरं कुत्रं ठेवलं नाही.

त्या गेल्या वर्षी गेल्या. दहाव्याला गेलो तेव्हा सागरने मला बाजूला घेतलं. त्याचेही केस पिकले आहेत. म्हणाला, "गुरुजी, आत्याच्या फ्लेक्ससाठी चार ओळी द्या ना, तुमच्याशिवाय कुणाला जमणार." मी म्हटलं, मला आता जमत नाही. तो म्हणाला, की तेव्हा मीही बोललो नाही, तुम्ही एकटेच नाही. मी म्हणालो, आकडा माझा होता. तेवढ्यात जेवायला बोलावणं आलं.

म्हणून हे लिहिलं. सरदार नावाच्या कुत्र्याने आमच्या गावात एकाही माणसाचा चावा घेतला नव्हता. सात हा आकडा मी घातला. आत्यांच्या घरातून तो कुणी सांगितला नव्हता, आणि आत्यांना मी फ्लेक्स खोटा वाचून दाखवला होता. मी सभागृहात खरं बोललो असतो तर ते कुत्रं गाईच्या पोटाशी म्हातारं झालं असतं, आणि परभणीच्या त्या माणसाचा हात धड राहिला असता.

लिहायला बसण्याआधी मी त्याला शोधत भोसरीला गेलो. तो अजून तिथेच एका खोलीत राहतो. उजव्या हाताने त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही, बायको लावून देते. मी त्याला सगळं सांगितलं, ओळ, आकडा, बैठक, काही न वगळता. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं सांगून झाल्यावर म्हणाला, "त्या मावशीसंगं दवाखान्यात तुम्हीच आल्ते की. तिनं चूक आपल्यावर घेतली, तवा तुम्ही उभे होते तिथं."

मी हो म्हणालो. त्याच्या बायकोने पाणी आणलं होतं, ते प्यालो, आणि उठलो.